वाचनाचा वार्षिक हिशोब : प्रकल्प नोंदी, २०२५

२१ डिसेंबर २०२४, शनिवार

कागदावर सध्या एकच ओळ आहे: वर्षाला ४० पुस्तकं. तिला हात लावण्याआधी पुस्तक कशाला म्हणायचं ते ठरवणं भाग आहे, नाहीतर वर्षअखेरीस ३२ पानी पुस्तिकाही गोळाबेरजेत घुसते. युनेस्कोने १९६४ साली आकडेवारीसाठी केलेली व्याख्या सोयीची आहे. मुखपृष्ठ-मलपृष्ठ सोडून किमान ४९ पानं असलेलं आणि नियतकालिक नसलेलं छापील प्रकाशन ते पुस्तक; ५ ते ४८ पानांची ती पुस्तिका. हीच व्याख्या घेतली.

बाकीचे नियमही आजच लिहून टाकले, कारण खेळ सुरू झाल्यावर नियम बदलण्याचा मोह आवरत नाही. पुनर्वाचन धरायचं. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाची पानं धरायची, पुस्तक धरायचं नाही. मासिकं, पुस्तिका, सुटे लेख फक्त मिनिटांत. कविताही फक्त मिनिटांत. कवितेच्या पानावर सहा ओळी असतात आणि त्यांवर वीस मिनिटं जाऊ शकतात, तिथे पानं मोजण्यात काही अर्थ नाही.

२२ डिसेंबर, रविवार

वेग मोजला. तीन प्रकारची तीन पुस्तकं, प्रत्येकी २० मिनिटांचा गजर, फोन दुसऱ्या खोलीत. प्रकरणाच्या सुरुवातीपासून मोजायचं नाही, कारण तिथे पान अर्धं कोरं असतं. मधल्या भरगच्च पानापासून सुरुवात करायची.

हलकी कादंबरी: १४ पानं, म्हणजे तासाला ४२. इतिहासावरचं लेखन: ८ पानं, तासाला २४. तळटीपांनी भरलेलं अभ्यासाचं पुस्तक: ५ पानं, तासाला १५.

शब्दांतही ताळा घेतला. दहा ओळींतले शब्द मोजून सरासरी काढली, ओळीला ८. पानावर ३० ओळी, म्हणजे पानाला साधारण २४० शब्द. कादंबरीचा वेग आला मिनिटाला १६८ शब्द. मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रायसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून इंग्रजीतल्या मूकवाचनाची सरासरी काढली, ती मिनिटाला ललितेतर मजकुरासाठी २३८ आणि ललित मजकुरासाठी २६० शब्द आहे. हा आकडा मराठी वाचनाला लावून कपाळाला हात लावायचं कारण नाही. ‘शेजारच्यांच्यासुद्धा’ हा आपल्याकडे एक शब्द. इंग्रजीत तेवढ्यासाठी तीन-चार शब्द खर्ची पडतात. मराठीची तुलना मराठीशीच, आणि तीही त्याच वाचकाच्या मागच्या महिन्याशी.

२३ डिसेंबर, सोमवार

आता वेळेचा अंदाज. रोज ३० मिनिटं, आठवड्यातून ६ दिवस: आठवड्याला ३ तास. ५२ आठवड्यांतून ६ बाजूला काढले (प्रवास, आजारपण, कामाची धांदल). उरले ४६, म्हणजे १३८ तास.

त्यातला निम्मा वेळ हलक्या वाचनाला, एक तृतीयांश मध्यम, एक षष्ठांश जड. ६९ तास गुणिले ४२ बरोबर २,८९८ पानं. ४६ गुणिले २४ बरोबर १,१०४. २३ गुणिले १५ बरोबर ३४५. एकूण ४,३४७. वेग मोजताना माणूस जरा ताठ बसून वाचतो, म्हणून १० टक्के वजा: ३,९१२. पुस्तकाची सरासरी २२० पानं धरली तर पावणेअठरा पुस्तकं.

४० पुस्तकांना ८,८०० पानं लागली असती, म्हणजे दुपटीहूनही जास्त. ४० चा आकडा इथेच निकालात निघाला. उद्दिष्ट: १३८ तास. १८ पुस्तकं हा त्यातून निघणारा अंदाज. तो शीटवर (नोंदींच्या संगणकीय तक्त्यावर) कुठेतरी कोपऱ्यात राहील.

२८ डिसेंबर, शनिवार

शीट बांधली. दोन पानं: ‘पुस्तकं’ आणि ‘बैठका’ (एका वेळी बसून केलेलं वाचन ती एक बैठक). सगळं एकाच पानावर ठेवलं की एका पुस्तकाच्या अकरा बैठका अकरा ओळींत येतात, नाव अकरा वेळा लिहावं लागतं आणि त्यातलं एक हमखास चुकतं.

‘पुस्तकं’मधले रकाने: क्रमांक, नाव, लेखक, भाषा, प्रकार (हलकं, मध्यम, जड), माध्यम, मजकुराचं पहिलं पान, शेवटचं पान, स्थिती, संपल्याची तारीख, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक). ‘बैठका’मधले पाचच: तारीख, पुस्तक क्रमांक, कुठून, कुठपर्यंत, मिनिटं. पाचाच्या वर एकही रकाना वाढवायचा नाही. ‘मूड’, ‘जागा’, ‘आवडलेलं वाक्य’ हे रकाने उत्साहात टाकले जातात आणि दुसऱ्या आठवड्यापासून रिकामे राहतात. मग रिकाम्या रकान्यांची लाज वाटून सगळी शीटच उघडली जात नाही.

पहिल्या-शेवटच्या पानाचा वेगळा रकाना का? शेवटच्या पानावर २४८ छापलेलं असलं, तरी मजकूर ११व्या पानावर सुरू होत असेल तर वाचायची पानं २३८ आहेत. दहा-दहा पानांची ही फुगवटी अठरा पुस्तकांत जवळपास एका अख्ख्या पुस्तकाएवढी होते.

तीन गोष्टी डेटा भरायच्या आधीच करून ठेवायच्या:

तारीख २०२५-०४-०३ अशीच लिहायची. ०३/०४ लिहिलं आणि शीटची मांडणी अमेरिकन असली, तर ते ४ मार्च होतं. त्यातली खरी मेख अशी की १३/०४ ला तेरावा महिना नसल्यामुळे ते नुसता मजकूर म्हणून पडून राहतं. म्हणजे निम्म्या तारखा चुकीच्या, निम्म्या तारखाच नाहीत, आणि बेरीज मात्र काहीतरी येतेच.

आयएसबीएनचा रकाना आधी ‘मजकूर’ म्हणून ठरवायचा. जुना क्रमांक १० अंकी असतो, सुरुवातीचा शून्य शीट गिळून टाकते, आणि शेवटी कधीकधी रोमन एक्स असतो. १ जानेवारी २००७ पासूनचा क्रमांक १३ अंकी. रकाना अरुंद असला की तोही दहाच्या घातांकात दिसायला लागतो.

स्थितीसाठी ड्रॉपडाउन (ठरलेल्या पर्यायांतून निवडायची यादी): रांगेत, चालू, अडलेलं, संपलं, सोडलं. हाताने टाइप करू दिलं तर ‘संपलं’, ‘संपले’ आणि ‘झालं’ अशा तीन वेगळ्या स्थिती तयार होतात.

५ जानेवारी २०२५, रविवार

आठवड्याची बेरीज चुकतेय. शीटचा आठवडा-क्रमांक आंतरराष्ट्रीय पद्धतीचा आहे: आठवडा सोमवारी सुरू, आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा. त्यामुळे ३० आणि ३१ डिसेंबर २०२४ हे दिवस २०२५च्या पहिल्या आठवड्यात धरले गेले. उलट, २९ ते ३१ डिसेंबर २०२५ हे दिवस २०२६च्या पहिल्या आठवड्यात जातील. क्रमांकावर बेरीज केली तर वर्षाचे शेवटचे तीन दिवस जानेवारीत जाऊन बसतील.

आठवडा-क्रमांक काढून टाकला. त्याऐवजी ‘त्या आठवड्याचा सोमवार’: तारीख, वजा वाराचा क्रमांक (सोमवार १), अधिक १. बेरीज या सोमवारावर. ‘बैठका’मध्ये पाचच रकाने हा नियम हाताने भरायच्या रकान्यांना आहे, फॉर्म्युल्याचे रकाने करड्या रंगात उजवीकडे.

१९ जानेवारी, रविवार

मागच्या वर्षांची यादी वाचननोंदीच्या ॲपमधून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) म्हणून उतरवून घेतली. थेट एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरांचा खच. फाइल बिघडलेली नाही. ती यूटीएफ-८ या संकेतप्रणालीत (अक्षरं अंकांत साठवायच्या पद्धतीत) आहे, आणि फाइलच्या सुरुवातीला तशी खूण नसेल तर एक्सेल तिला दुसऱ्याच संकेतप्रणालीत वाचतं. उपाय: डबल-क्लिक करायचं नाही. रिकामी शीट उघडून ‘डेटा’मधून फाइल आयात करायची आणि तिथे यूटीएफ-८ निवडायचं. चुकून जतन केलेल्या बिघडलेल्या प्रतीवर वेळ घालवू नये, मूळ फाइल पुन्हा उतरवावी.

दुसरी भानगड जास्त खोल. ॲरिस्टॉटल यादीत तीन लेखक म्हणून आला. एकदा ‘ॲ’ या एकाच सांकेतिक अक्षराने, एकदा ‘अ’ला चंद्र जोडून, एकदा ‘ऍ’ने. पहिली दोन डोळ्यांना सारखीच दिसतात, पण संगणकाला ती वेगळी आहेत. ‘ऱ्या’चंही तेच: कोणता कीबोर्ड वापरला त्यावर आतले संकेत बदलतात, दिसणं बदलत नाही. ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळीकडे एकच रूप केलं. यापुढे लेखकाचं नावही ड्रॉपडाउनमधूनच.

२ फेब्रुवारी, रविवार

जानेवारीचा ताळेबंद. अपेक्षित २६ बैठका, १३ तास. झाल्या २२ बैठका, ११ तास ४० मिनिटं. सरासरी बैठक जवळपास ३२ मिनिटं, म्हणजे बसल्यावर वाचन नीट होतंय. बसणंच कमी पडतंय. हे दोन आजार वेगळे आहेत आणि औषधंही वेगळी. बैठक लहान पडत असेल तर पुस्तक किंवा जागा बदलायची. बैठकांची संख्या कमी असेल तर वेळ बदलायची.

चुकलेल्या बैठका पाहिल्या तर सगळ्या रात्री अकरानंतर ठरवलेल्या. ‘रात्री वाचू’ ही वेळच नव्हे. दिवसभरात जे उरेल ते, असा त्याचा अर्थ होतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली ‘अमुक झालं की तमुक’ ही बांधणी इथे उपयोगी: ठरलेली खूण, आणि तिला लागून कृती. ‘रात्रीची भांडी आवरली की पुस्तक उघडायचं’ असं लिहून ठेवलं. खूण रोज घडणारी हवी आणि तिला शेवट हवा. ‘निवांत झालं की’ ही खूण नाही.

एखादा दिवस चुकला म्हणून साखळी तुटल्याचा कांगावा करायचा नाही. संशोधक फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० मधल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस लागले, पण माणसागणिक १८ ते २५४ असा फरक होता. एखादा खाडा झाल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणून शीटमध्ये ‘सलग किती दिवस’ हा आकडा मुद्दाम ठेवलेला नाही. तो ४१ वरून शून्यावर आला की पुढचे चार दिवसही वाया जातात.

१६ फेब्रुवारी, रविवार

ई-पुस्तकाची पानं जुळत नाहीत. अक्षर मोठं केलं की पानं वाढतात, म्हणून टक्के नोंदवले जात होते. एका पुस्तकाचा मजकूर ७२ टक्क्यांवर संपला. पुढे टीपा आणि सूची. ‘पुस्तकं’मध्ये छापील आवृत्तीची फक्त मजकुराची २८८ पानं लिहिली होती, आणि फॉर्म्युला मात्र १ टक्का म्हणजे २.८८ पानं धरत होता. पुस्तक वाचून संपलं तरी शीटच्या मते २०७ पानंच झाली, ८१ पानं गायब.

दुरुस्ती: ई-पुस्तक उघडल्यावर पहिल्यांदा अनुक्रमणिकेतून शेवटच्या प्रकरणाच्या अखेरीस जायचं आणि तिथला टक्का टिपायचा. पानं भागिले तो टक्का. इथे २८८ भागिले ७२, म्हणजे १ टक्क्याला ४ पानं.

ऐकीव पुस्तकं: घड्याळाची मिनिटं लिहायची. ९ तासांचं पुस्तक सव्वापट वेगाने ऐकलं तर ७ तास १२ मिनिटं. त्यांची पानं करायची नाहीत, ती वेगळ्या बेरजेत. वाचणं मोठं की ऐकणं मोठं हा वाद शीटबाहेर घालावा.

३० मार्च, रविवार

पहिली तिमाही. १३ आठवड्यांतून एक सुट्टीचा. अपेक्षित ३६ तास, झाले ३४ तास १० मिनिटं. ठीक. पुस्तकं मात्र साडेचारऐवजी ७ संपली. वर वर पाहता घोडदौड, पण सातांची मिळून पानं ८२६, सरासरी ११८. जानेवारीत उघडलेली दोन जाडी पुस्तकं ६०व्या आणि ८०व्या पानावर धूळ खात पडली आहेत.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. ‘संपलेली पुस्तकं’ हा आकडा कोपऱ्यात राहील असं म्हटलं होतं. तो फेब्रुवारीत कधीतरी सरकत सरकत शीटच्या माथ्यावर, ठळक हिरव्या अक्षरांत आला होता. डोळ्यांसमोर जो आकडा, त्याची चाकरी सुरू होते. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल नेमकं हेच मांडलं होतं: नियंत्रणासाठी ज्या मापावर भार टाकावा, ते माप ढासळतं. वाचनात ते ढासळतं असं की बारीक पुस्तकं रांगेत पुढे घुसतात आणि सहाशे पानांचा ग्रंथ ‘पुढच्या महिन्यात’ जातो.

बदल तीन. माथ्यावर आता फक्त तास. ‘चालू’ स्थितीत एकावेळी जास्तीत जास्त तीन पुस्तकं, त्यातलं एक ३५० पानांहून मोठं असलंच पाहिजे. दर तिसरी बैठक त्या जाड्या पुस्तकाची. बहुतेक ॲपमधली ‘तुम्ही दोन पुस्तकं मागे आहात’ ही सूचनाही बंद केली. ती वर्ष सरळ रेषेत कापते: १८ पुस्तकं म्हणजे दर २० दिवसांना एक. जाड्या पुस्तकात महिनाभर बुडालेल्या वाचकाला ती उगीचच आळशी ठरवते.

११ मे, रविवार

एप्रिलच्या २४ बैठकांपैकी १९ मध्ये मिनिटं बरोबर ३०. हे मोजमाप नव्हे, आठवड्याच्या शेवटी बसून टाकलेल्या पाट्या. शीट फोनवर, फोन दुसऱ्या खोलीत (तिथेच असायला हवा), मग नोंद राहते आणि आठवून भरली जाते.

उपाय कागदाचा. जाड कार्डाची ५ सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर लांब खूणपट्टी. पेन्सिलीने चार उभे रकाने: ता., पासून, पर्यंत, मि. एका बाजूला १४ ओळी सहज बसतात, दोन बाजू मिळून महिनाभर पुरतात. सुरू करताना घड्याळातली वेळ ‘मि.’च्या घरात बारीक लिहायची (९.४०), थांबताना तिच्याखाली दुसरी (१०.१४), वजाबाकी रविवारी. पेनाची शाई पुढच्या पानावर उमटते, म्हणून पेन्सिलच. प्रत्येक चालू पुस्तकाला स्वतःची पट्टी. पट्टी पुस्तकातून पुस्तकात फिरली की पुस्तक क्रमांक चुकतो.

सोबत शीटमध्ये एक चौकीदार फॉर्म्युला: तासाला ६० हून जास्त किंवा १० हून कमी पानं आली की ओळ लाल. पहिल्याच दिवशी चार लाल ओळी. दोन ठिकाणी १३७ चं १७३ झालेलं, एका ठिकाणी मिनिटांच्या घरात पान नंबर. चौथी ओळ खरी निघाली: चित्रांचं पुस्तक.

२९ जून, रविवार

सहामाही. २३ कामाचे आठवडे, अपेक्षित ६९ तास, झाले ६१ तास ३० मिनिटं. साडेसात तासांची तूट.

ही तूट जुलैच्या पहिल्या आठवड्यात भरून काढायचा बेत आखला की रोज दीड तास वाचावं लागतं, तिसऱ्या दिवशी ते मोडतं आणि आठवडाभर पुस्तकाकडे बघवत नाही. उरलेल्या २३ आठवड्यांत वाटली तर आठवड्याला २० मिनिटंही होत नाहीत. म्हणून आठवड्याचं माप ३ तासांऐवजी ३ तास २० मिनिटं. तूट याहून मोठी, समजा २० तासांची असती, तर उद्दिष्टच १२५ वर आणणं शहाणपणाचं होतं.

‘अडलेलं’चा नियमही आज पक्का केला. २१ दिवस एकही बैठक नाही तर शीट आपोआप पिवळी खूण करते. मग तीनच पर्याय: पुढच्या तीन बैठका त्यालाच, किंवा ‘रांगेत’ परत, किंवा ‘सोडलं’. ‘बघू’ हा पर्याय नाही. सोडताना कारण एका शब्दात: भाषांतर, छपाई, विषय, वेळ. अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा ५० पानांचा नियम प्रसिद्ध आहे (पन्नाशीपुढच्या वाचकाने शंभरातून वय वजा करावं आणि तेवढीच पानं द्यावीत). कादंबरीला तो चालतो. अभ्यासाच्या पुस्तकाला पानांपेक्षा एक पूर्ण प्रकरण द्यावं, आणि तेही मधलं. पहिली प्रकरणं बहुधा प्रस्तावनेची पुनरावृत्ती असतात.

१७ ऑगस्ट, रविवार

बदल काही नाही. शीट चालतेय.

५ ऑक्टोबर, रविवार

‘सोडलं’ची कारणं चाळली. पाचपैकी तीन ‘भाषांतर’. यादी करताना अनुवादित पुस्तकाची पाच पानं मोठ्याने वाचून पाहायची, मगच रांगेत घ्यायचं. वाक्य दोनदा वाचल्याशिवाय कळत नसेल तर ते ३०० पानं तसंच राहणार आहे.

रांगेत ४३ पुस्तकं जमली आहेत. सध्याच्या गतीने अडीच वर्षांची बेगमी. रांग १२ वर कापली, बाकीची वेगळ्या पानावर ‘कधीतरी’. नवीन एक आत आलं की एक बाहेर.

३० नोव्हेंबर, रविवार

सुधारित हिशोबाने १३८ गाठायला डिसेंबरात १७ तास लागतील. आतापर्यंतचा सर्वांत भरलेला महिना १४ तासांचा. गाठलं जाणार नाही. बारीक पुस्तकं निवडून काही साधत नाही, कारण माप तासांचं आहे. मार्चमधला बदल इथे उपयोगी पडला. तास वाढवायला पुस्तक उघडं ठेवून डुलक्या घेणं एवढी एकच पळवाट उरते, आणि तासाला १० पानांखाली गेलं की ती ओळ लाल होते.

२८ डिसेंबर, रविवार

अखेरचे आकडे. १३१ तास २० मिनिटं, उद्दिष्टापेक्षा ६ तास ४० मिनिटं कमी. पानं ३,६४०: संपलेल्या १६ पुस्तकांची ३,२९०, सोडलेल्यांची २६०, अजून चालू असलेल्याची ९०. सरासरी वेग तासाला २७.७ पानं, गेल्या वर्षीच्या डिसेंबरात अंदाज होता २८.३ चा (३,९१२ भागिले १३८). म्हणजे वेगाचा अंदाज जमला, तूट आली ती बसण्यात.

पुढच्या वर्षासाठी: ४६ ऐवजी ४४ आठवडे, आठवड्याला ३ तास, एकूण १३२. वेग पुन्हा २० मिनिटांच्या चाचणीने मोजायची गरज नाही, वर्षभराच्या बैठकांमधून प्रकारवार काढायचा. शीटची प्रत करून ‘बैठका’ रिकामी केली. ‘पुस्तकं’मधून ‘संपलं’ आणि ‘सोडलं’ स्थितीच्या ओळी काढून टाकल्या, चालू एक आणि रांगेतली १२ ठेवली. चालू पुस्तकाचं ‘पहिलं पान’ बदलून वाचलेल्याच्या पुढचं केलं, नाहीतर जुनी ९० पानं पुन्हा मोजली जातील. उद्याचा सोमवार नव्या शीटमधल्या पहिल्या आठवड्याचा सोमवार आहे, पण ३१ तारखेपर्यंतच्या बैठका जुन्याच शीटमध्ये भरायच्या.